उजवं फूल

आमच्या घरात खोटं बोलण्याचा मान माझ्याकडं आहे आणि तो मी एकट्यानं पेलला आहे. माळशिरसच्या उसात माझ्या चपलेचा मार खाल्लेला बिबट्या अजून तिकडं येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी खुशाली विचारतो. सोलापूरच्या उन्हात उडती चिमणी भाजून खाली पडते आणि खाली माणसं मीठ घेऊनच बसलेली असतात, हेही मी या डोळ्यांनी बघितलंय. माझा थोरला भाऊ हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि गंभीर तोंडानं विचारायचा, "मीठ कसलं रे, खडे का बारीक?"

त्या दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, एका वेळेला चार तास. मे महिना, आणि दिवसभरात पाणी प्यायचं तांब्याच्या तळाला राहतं तेवढं. बर्फाचा खडा गालात धरून तो पडून राहायचा. शेजारी स्टुलावर बसून मी थापा मारायचो. नर्ससुद्धा सुई लावता लावता थांबायची.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलावी लागेल, आणि लवकर. वहिनीचा रक्तगट जुळेना, आईला साखर. माझं सगळं जुळलं. डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं तेव्हा मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालो, "एक कशाला, दोन्ही न्या की. मी बिबट्याला भ्यालो न्हाय." लोक हसले. बाहेर येऊन मी माझ्या टेंपोत बसलो, आणि अर्धा तास मला किल्ली फिरवता आली नाही.

आई म्हणाली, "देवाला इचारल्याबिगर अंगाला सुरी लावायची न्हाय."

आमच्यात लग्न असो, विहीर असो, मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची हे असो, देवाचा कौल घेतल्याशिवाय कुणी हलत नाही. ज्याचं काम असेल त्यानं दोन फुलं पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवं पडलं तर कर. डावं पडलं तर नको. एकही पडलं नाही, तर देव अजून बोललेला नाही. पुढच्या रविवारी परत यायचं. किती रविवार, ते देवानं ठरवायचं.

पहिल्या रविवारी नैवेद्याचा गूळ मीच फोडला होता. बोटं चिकट होती. त्याच बोटांनी फुलं लावली. दोन तास बसलो. पाकळी हलली नाही. आई म्हणाली, "इचार करतुया त्यो. येळ दे त्याला."

त्या दिवशी मी मुद्दाम केलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. दुसऱ्या रविवारी मुद्दाम केलं.

सोमवारी दादा विचारायचा, "काय म्हणालं आपलं सायब?"

"फाइल टेबलावर हाय. सही न्हाय अजून."

"असू दे. सगळ्या मुलखाचं हाफिस एकट्यानं चालवायचं म्हंजे टायम लागणार की." एवढं बोलून तो डोळे मिटायचा. हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हता. त्याचा खरोखरच भरवसा होता. माझी किडनी त्यानं एकदाही तोंडानं मागितली नाही.

चौथ्या रविवारनंतर वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाली, "भावजी, देव बोलंना, तर डॉक्टरचं ऐकूया का आपण? सासूबाईंना मी सांगते."

मी म्हणालो, "वहिनी, देवाच्या म्होरं पळायचं न्हाय." इतका धार्मिक आवाज माझ्या तोंडातनं कधी निघाला नव्हता. तिनं मान खाली घातली.

पाच रविवार असे गेले. मग एका शुक्रवारी दादाच्या छातीत पाणी भरलं. पाय केळीच्या खुंटासारखे सुजले आणि तोंडाला ऑक्सिजन लागला. मी बर्फ पुढं केला, तर तो धरायलाही त्याच्या ओठांत जोर नव्हता. सहाव्या रविवारी मी देवळाच्या नळावर साबण लावून हात कोपरापर्यंत घासले. फुलं लावली, आणि हात मागं घ्यायच्या आतच उजवं पडलं.

आई रडायला लागली. ते फूल तिनं पदराच्या गाठीत बांधलं आणि आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आता हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही. थोडं सुधारलं तर बघू.

दादानं मास्क बाजूला केला. "झाली की रं सही," म्हणाला.

सोळाव्या दिवशी तो गेला.

आईनं देव्हाऱ्यातला त्या देवाचा चांदीचा टाक भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. दिवा लावत नाही. समजवायला येणाऱ्या बायकांना ती एकच सांगते, "आमी थांबलाव. लेकरू तहानंनं तळमळत हुतं तरी थांबलाव. त्यानंच उशीर केला." माझ्या एका वाक्यानं देव सुटेल, आणि त्याच वाक्यानं या घरात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आजवर हजार खोटी खपवली. हे एक खरं बाहेर पडत नाही.

रविवारी मी एकटाच देवळात जातो. फुलं लावत नाही. म्हणतो, आईला सांगायची जीभ दे. आणि वर म्हणतो, तुझी वेळ होईल तेव्हा दे. हे दुसरं कशासाठी जोडतो ते मला कळतं, आणि त्यालाही कळत असणार.

गेल्या रविवारी परत आलो तर आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आता काय मागाया जातुयास तितं? ऱ्हायलंय काय?"

"आये," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. ती वाट बघत राहिली.

"काय न्हाय," मी म्हणालो. "भूक लागलीय."

तिनं माझ्यापुढं ताट सारलं.