खुशालरावांचं वांग्याचं अ‍ॅप

सेलूच्या खुशालरावांची वांगी चांगली यायची, पण जीव भलतीकडेच रमायचा. आधी मधमाश्या झाल्या, मग हार्मोनियम झालं. यंदा वर्ध्याला अँड्रॉइड फोनसाठी अ‍ॅप बनवायचं शिबिर लागलं, तिथे त्यांनी नाव घातलं.

"वांगे तोडाले मानूस नाई, अन् तुमी शाळेत चाल्ले?" बायको शालू म्हणाली.

"गिऱ्हाइकाचा आर्डर सीधा फोनवर येईन. मंडीत ताटकळत बसाचं कामच नाई."

शिबिरात अंजू मॅडम जीव तोडून शिकवत. अ‍ॅप उघडताना एकदाच करायची कामं वेगळी. मधेच कोणाचा फोन आला की अ‍ॅप मागे जातं, बोलणं संपलं की पुन्हा पुढे येतं. तेव्हा दरवेळी करायची कामं वेगळी. जेवणानंतरचा तास होता. "अ‍ॅप उघडताना" एवढं खुशालरावांनी ऐकलं आणि त्यांचा डोळा लागला.

तरी अ‍ॅप झालं. पडद्यावर जांभळं वांगं, खाली 'पाठवा'. नालवाडीच्या प्रभाकररावांनी पहिल्याच दिवशी एक किलो मागवली. त्यांच्या मुलीची सोयरीक नुकतीच जुळलेली, त्यामुळे नातेवाइकांचे फोनवर फोन. एकेक फोन ठेवला की अ‍ॅप पुढे यायचं आणि इमानेइतबारे आणखी एक किलो मागवायचं.

इकडे खुशालरावांचा फोन टिंगटिंग थांबेना. दर ऑर्डरीवर एवढंच, 'नालवाडी, एक किलो'. "पाह्य, नालवाडी पुरी येडी झाली वांग्यापायी," ते म्हणाले. नवराबायकोनं अर्धं वावर तोडलं, पोती छोट्या टेम्पोत घातली आणि नालवाडीत पहिल्या गिऱ्हाइकाचं घर गाठलं.

प्रभाकरराव फाटकात आले. पोत्यांकडे बघत राहिले.

"खुशालराव, म्या एक किलो सांगतलं होतं. घरात तिघं जन हाओत आमी."

"अ‍ॅपनं तर लय सांगतलं."

"मंग अ‍ॅपलेच चारा."

खुशालरावांनी तिथूनच अंजू मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काका, ऑर्डर पाठवायची ओळ कुठं लिहिली?" खुशालरावांनी सांगितलं. पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. "ती दरवेळच्या कामात पडली, काका. मी ते समजावत होते तेव्हा तुम्ही घोरत होता."

फोन ठेवून ते वळले, तर शालूनं लिंबाखाली ताडपत्री अंथरली होती आणि गल्लीतल्या बाया वांगी निवडत होत्या. संध्याकाळपर्यंत पोती रिकामी झाली.

आता शालू आठवड्यातून एकदा वांगी विकायला नालवाडीला जाते. खुशालरावांनी ती ओळ जागेवर नेली, तेव्हापासून फोन गपगार आहे. ती परतली की ते विचारतात, "कोनी अ‍ॅपचं पुसलं का वं?"

"नाई," शालू म्हणते. "समदे वांग्याचंच पुसून राह्यले."