सातूची बिअर आणि दादांचा नारळ

आखातात, मंगफच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि दादा. दादा मालवणकडचे, वेल्डर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी पुण्याचा, शुवैखच्या एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. चार वर्षांपूर्वी गावच्या देवापुढे नारळ ठेवून दादांनी दारू सोडली होती. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरीही मी वागलो ते असं.

इथे दारू बनवणं गुन्हा आहे. पकडलो असतो तर माझ्याबरोबर दादांनाही घरी पाठवलं असतं. पण मी मनाला समजावलं, आपण दारू कुठे बनवतोय? दुकानातली बिनदारूची बिअर पाणचट लागायची. मला हवी होती तोंडात भरणारी, किंचित कडू आणि न चढणारी.

आई नाचणीचं सत्त्व करायची, तसंच मी सुरू केलं. सातू भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, गच्चीत वाळवले, तव्यावर खमंग भाजले. भरडलेले सातू नेहमीपेक्षा जास्त गरम पाण्यात ठेवायचे, ही खरी युक्ती. मग त्यातली बरीच साखर यीस्टला खाता येत नाही. दारू कमी होते आणि दाटपणा राहतो. कामावरचा थर्मामीटर पातेल्यात धरून मी तासभर उभा राहायचो. कडवटपणासाठी बकाल्यातलं, म्हणजे इथल्या किराणा दुकानातलं, काळं सुकं लिंबू. मग यीस्ट घालून आंबवायचं. पहिल्या दोन खेपा आंबट झाल्या. तिसरीचा फेस मात्र ग्लासाच्या काठाला धरून राहिला.

एवढं जमलं आणि बघायला कुणी नाही, हे मला सोसलं नाही.

"काय रे पुणेकरा, रोज पातेल्यात काय शिजवतस?" दादांनी विचारलं.

"बिअर. चव बघा ना."

त्यांचा हात मागे गेला. "ह्यात दारू नाय मां?"

"नाही हो. सत्त्वासारखंच आहे."

दारू मोजायच्या तरंगत्या काट्यावर मी आदल्याच दिवशी मोजलं होतं. थोडी होती, नेहमीच्या बिअरच्या पाव हिश्शाइतकी. दादा डोळे मिटून दोन ग्लास प्यायले. "चार वर्सांनी ही चव गावली," म्हणाले. मला एवढी शाबासकी कुणीच दिली नव्हती.

दोन दिवसांनी ते फोनवर बायकोला सांगत होते, "थेंबभर घेवक नाय. देवाक सांग." मी भांडी घासत होतो. हातातला ग्लास तसाच राहिला. ते फोन ठेवेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "दादा, त्या दिवशी त्यात थोडी होती."

"तुका म्हायत होता?"

"होतं."

"मग माका कित्याक पाजलंस?"

"कौतुक हवं होतं," मी म्हणालो. दुसरं कारण नव्हतंच.

उरलेल्या बाटल्या मी त्यांच्यासमोर मोरीत ओतल्या. चार दिवस ते वेगळे जेवले. आमटी मात्र दोघांपुरती करून ठेवायचे.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. फोनवर गावचं देऊळ दिसत होतं. त्यांचा थोरला भाऊ नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालत होता, "बा देवा महाराजा, तुझ्या लेकराकडसून चूक झाली, ती पोटात घाल रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" दादा म्हणाले. मग फोनजवळ तोंड नेऊन भावाला सांगितलं, "दोन लेकरां म्हण. हो पुणेकर पण आसा."

तिकडे कुणीतरी हसलं. भावाने पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं, या वेळी दोघांसाठी. शेवटी दादांनी मला कोपराने ढोसलं. "तोंड शिवलंस काय? बोल."

"व्हय महाराजा," मी पुटपुटलो. दादांनी पुन्हा म्हणायला लावलं.