कुंकवावर ढकललेली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बाहेर चोरून खाल्लेली भजीसुद्धा वासावरून कळतात.

आधी माझा तोरा सांगतो. मी मूळचा चिपळूणचा. सिल्वासातल्या एका शाळेत पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय. डोकमर्डीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा प्रिंटर अडला तरी हाक येते — सरांना बोलवा. ते मला आवडतं. आवडतं कसलं, त्यावरच तर जगतो मी.

खालच्या मजल्यावर निंबाभाऊ राहतात, धुळ्याकडचे, सुताच्या कारखान्यात कामाला. त्यांची मुलगी हर्षदा घरांच्या अंतर्गत सजावटीची चित्रं कॉम्प्युटरवर करायला शिकली होती. नाशिकच्या एका ऑफिसने तिला नमुन्याचं काम दिलं होतं — शुक्रवारपर्यंत पाठवलं आणि पसंत पडलं तर नोकरी. तिचं मशीन त्या कामाला पुरेना, म्हणून तिने ग्राफिक्स कार्ड आणलं. बसवायला अर्थात मी. रविवारी सकाळी.

आता खरं सांगू? असं कार्ड मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो. तसं म्हणायला काय हरकत होती? पण जीभ रेटली नाही. खोक्यातली माहितीपुस्तिका बाजूला सारली — सर कधी पुस्तिका वाचतात का? कार्ड खाचेत बसवलं, बटण दाबलं. स्क्रीन काळी. काढलं, पुसलं, परत बसवलं. काळीच. 

हर्षदा वाकून आत बघत होती. म्हणाली, "सर, ही एक वायर सुटीच दिसतेय. कार्डाला लावायची असेल का?"

"ती त्याची नाही," मी खेकसलो. ती कशाची आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

"सर सांगी ऱ्हायनात ना, मंग तू गप बस," निंबाभाऊ तिला म्हणाले.

तेवढ्यात मला कार्डाच्या कडेला कुंकवाचा ठिपका दिसला. घरात नवी वस्तू आली की लावतात, तसं तिनेच लावलं होतं. आणि मी — कसं सांगू — मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणालो, कुंकू आत गेलं, कार्ड जळलं. वापीला ओळखीच्या माणसाकडे दुरुस्त होतं का बघतो.

तिचा चेहरा एवढासा झाला. ओढणीला ती हात पुसत राहिली, हाताला काही नसताना.

कार्ड खोक्यासकट घरी आणलं आणि पुस्तिका उघडली. पहिल्याच चित्रात तीच वायर होती, कार्डाला वीज देणारी. माझ्या मशीनमध्ये कार्ड बसवलं, वायर लावली. मिनिटभरात स्क्रीन लागली.

तेव्हाच खाली गेलो असतो तर? एकच तर मजला. पण मग वायर तिने दाखवली होती, हे कबूल करावं लागलं असतं. मी कार्ड कपाटात ठेवलं. लगेच कसं द्यायचं — वापीच्या दुरुस्तीला वेळ लागतो ना? तिने नाशिकला फोन करून मुदत मागितली, ती मिळाली नाही. शुक्रवार गेला. पुढच्या रविवारी मी कार्ड नेऊन बसवलं. स्क्रीन उजळली, निंबाभाऊंनी माझे दोन्ही हात धरले, घरात बासुंदी झाली. मी खाल्ली. वर पुन्हा वाटी पुढे केली. त्या वाटीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हर्षदा आता वडिलांच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. नाशिकहून पुन्हा बोलावणं आलं नाही. नंतर मशीनचं काही अडलं की ती म्हणायची, "सर, तुम्हीच बघा. मी हात लावला की बिघडतं." हसून म्हणायची. तिची काही चूक नव्हती, एवढं वाक्य किती वेळा तोंडाशी आलं — आणि मी म्हणालो, माउस बदलून बघ. हळूहळू तिने ते चालू करणंच सोडलं.

गेल्या महिन्यात निंबाभाऊंनी विचारलं, कॉम्प्युटर धूळ खातोय, विकून टाकू का? हर्षदाला विचारा, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, विका. का? तर ते मशीन त्या घरात असेपर्यंत मला त्या दारावरून मान वर करून जाता येत नव्हतं. म्हणून.

किलवणीचा एक माणूस न्यायला आला. हर्षदाने मशीन फडक्याने स्वच्छ पुसून दिलं आणि त्याला बजावलं — बिघडलं तर स्वतः उघडू नका, आमच्या सरांना बोलवा.