बरोबर उत्तराचे सहा रिपोर्ट

"मॅडम, सादियाला आमच्या ग्रुपमधून काढा," अश्विनी माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. तिच्या हातात ग्रुपचा लॅब रिपोर्ट होता. त्यावर लाल शाईनं मीच दहापैकी तीन मार्क लिहिले होते.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला चार-चार जणांचे सात ग्रुप आहेत. प्रयोग चौघांनी करायचा, रिपोर्ट एकच लिहायचा आणि मार्क चौघांना सारखेच. अश्विनी मोहोळहून येते, वर्गात पहिली. तिला एम.एस्सी.ला ॲडमिशन हवी होती आणि एकेका इंटर्नल मार्कावर तिचा जीव होता. या तीन मार्कांमुळे तिचा पहिला नंबर जाणार होता, त्यामुळे तिचा राग मला कळत होता.

प्रयोग साधा होता. पाण्याचा कठीणपणा मोजायचा, म्हणजे ज्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही ते पाण्यात किती आहेत ते काढायचं. फ्लास्कमध्ये कॉलेजच्या बोअरचं पाणी घ्यायचं, त्यात सूचक टाकलं की ते लाल होतं. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी, तिच्यातून इडीटीए नावाचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. लाल रंग निळा झाला की थांबायचं आणि किती मिली लागलं ते लिहायचं. हे झालं रीडिंग. आमच्या बोअरचं रीडिंग वर्षानुवर्षं एकवीसच्या आसपास येतं. ते मला पाठ, आणि सीनियर्सच्या जर्नलमुळे पोरांनाही पाठ. या वेळी सहा ग्रुपचं एकवीस आलं. अश्विनीच्या ग्रुपचं आलं सव्वीस पॉइंट दोन. मी शेरा मारला, 'निष्काळजी काम', आणि पुढचा रिपोर्ट घेतला.

सादियाला बोलावून घेतलं. मुलगी शहरातलीच, बोलायला कमी. तिनं कच्ची वही पुढे ठेवली. सहा वेळा प्रयोग केला होता आणि सहाही रीडिंग सव्वीसच्या घरात. लिहायची पाळी तिची होती. बाकी तिघं एकवीस लिही म्हणून मागे लागले होते, तिनं ऐकलं नव्हतं.

"आलं सव्वीस, तर एकवीस कुठनं लिहू मॅडम?" ती म्हणाली. "मार्क कमी द्या. पण मी चुकले कुठं ते तरी सांगा की."

खरं सांगते, मला तिचा रागच आला. एवढीशी पोर, आणि वर मलाच विचारते. म्हटलं, चल, मीच करून दाखवते. त्या दिवशीची द्रावणाची बाटली अजून कपाटात होती. दोघींना शेजारी उभं केलं आणि ब्युरेट भरली. एकवीसला रंग लालच. मी म्हटलं, आता होईल. बावीस झाले, तेवीस झाले. अश्विनी वाकून बघायला लागली. सव्वीस पॉइंट दोनला फ्लास्क निळा झाला. ब्युरेट धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग मी आमचे लॅब अटेंडंट शिवाप्पामामा यांना हाक मारली. या बाटलीत काही घातलं होतं का, विचारलं.

"तुमीच म्हणला की म्याडम, दोन लिटर हाय, सातीबी ग्रुपला पुरवा," मामा म्हणाले. "मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर वाढवलं. लई न्हाय, अर्धाच."

मी म्हणाले होते खरी. मीटिंगची घाई होती, नवीन द्रावण करायचा कंटाळा होता, आणि मामांनी पाहुणे आल्यावर आमटी वाढवतात तसं ते वाढवलं. द्रावण पातळ झालं, म्हणून जास्त लागलं. यात मामांची काही चूक नव्हती.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाटलीतून एकवीस कुणाचंच येणं शक्य नव्हतं. म्हणजे सहा ग्रुपनी उत्तर जर्नलमधून उचललं होतं आणि त्यांना मी नऊ-नऊ, दहा-दहा मार्क वाटले होते. बावीस वर्षं शिकवते आहे, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अश्विनी हळूच म्हणाली, "मॅडम, मी लिहायला असते तर मीपण एकवीसच लिहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझ्या घाईसकट सगळं सांगितलं. कुणी मान वर करेना. शेवटी मागून नागेश उठला.

"आमचं पण सव्वीसच आलं होतं मॅडम," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, आमचंच चुकलं."

मग एकेक ग्रुप तेच सांगू लागला. सगळ्यांचं सव्वीस आलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्या एकट्याचंच चुकलं. त्यांना मी रागावणार तरी कुठल्या तोंडानं? सहा रिपोर्ट रद्द केले, ताजं द्रावण केलं, प्रयोग पुन्हा घेतला.

सादियाच्या ग्रुपला मी दहा मार्क दिले. तरी अश्विनी रिपोर्ट परत मागायला आली. 'चुकांची कारणे' हा रकाना रिकामा राहिला होता म्हणे. काय लिहू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सादियाला विचार. दोघींनी डोकं लावून लिहिलं : 'द्रावणात पाणी वाढवले गेले. सूचना देणार : विषय शिक्षिका.' मी खाली सही केली.

ग्रुप बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. बदललं ते वेगळंच. आता प्रत्येक ग्रुप आपापल्या घरचं पाणी आणतो, कुणी मोहोळचं, कुणी होटगीचं, कुणी उजनीच्या काठचं. बरोबर उत्तर काय ते आता मलाही माहीत नसतं. त्यामुळे रिपोर्ट वाचावा लागतो.