संगप्पांचा डावा हात

मुरुडच्या बाजारपेठेत संगप्पांना दोन हात आहेत, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. टीव्ही, चार्जर, एलईडीचे दिवे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाचा डावा हात चाळीस वर्षं खिशात मुक्कामाला होता. चालू बोर्डावर एकाच हातानं काम करायचं, म्हणजे झटका बसलाच तरी करंट छातीतून आरपार जात नाही, हा त्यांच्या उस्तादांचा धडा. पुढं पुढं तो हात दुकानाबाहेरही निघेना. टाळ्या वाजवायच्या तर संगप्पा उजवा हात मांडीवर मारत. पुतण्याच्या बारशाला त्यांनी बाळ एका हातानं घेतलं, तर भावजय सहा महिने बोलली नाही.

आता लेकीचं लग्न ठरत होतं. अंजू विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली. उदगीरचा मुलगा तिनंच पसंत केलेला. उरला होता फक्त त्याच्या वडलांचा, मलप्पांचा होकार.

"अवो, मलप्पा मानपानाचा माणूस हाय," उमाबाई म्हणाल्या. "दोन्ही हात जोडून शरणार्थ म्हणायचं. आरशापुढं करून दाखवा बरं."

संगप्पांनी हात जोडले. इतक्या वर्षांनी भेटलेल्या दोन तळव्यांनी एकमेकांना ओळख दिली नाही. उमाबाईंनी खात्रीसाठी सदऱ्याचा डावा खिसाच शिवून टाकला आणि पाहुण्यांसाठी फरशी धुवून काढली.

मलप्पांचा प्रवेश झाला तो पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला डबा घेऊन. मागं दोन भाऊबंद. सगळ्यांनी चपला दाराशी काढल्या. संगप्पांनी हात जोडले, उमाबाईंचा जीव भांड्यात पडला. मग फडकं सुटलं. देवळाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा डबा, पुढं चकचकीत पत्र्याची जाळी.

"शरणसंतांची वचनं म्हणणारा डबा," मलप्पा म्हणाले. "आमच्या घरी असलाच हाय. नुसती वचनं न्हाईत बरं का. जाळीला हात लावला की अंगातून मुंग्या जातात. लई जागृत. रोज सकाळी गल्लीची रांग लागती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, पण आंघोळ करून पाटावर उभी राहती, पहिला हात तिचा."

संगप्पांनी डबा हातात घेतला. कापसासारखा हलका. आत ट्रान्सफॉर्मर असता तर वजन लागलं असतं. म्हणजे भिंतीतला करंट आणि ही जाळी यांच्यामध्ये कुणीच उभं नव्हतं. त्या मुंग्या कुठल्या वारुळातल्या, हे त्यांना लगेच कळलं.

तोवर मलप्पांनी डबा घेऊन पिन घातलीसुद्धा. वचनं सुरू झाली.

"या व्याही, दोन्ही हात ठेवा."

फरशी ओली, पाय अनवाणी. उमाबाईंचे डोळे विनवत होते. संगप्पांचा डावा हात सदऱ्यावर खिसा शोधत फिरत होता.

"थांबा जरा," म्हणून त्यांनी टेस्टर जाळीला टेकवला. आतला दिवा लाल झाला.

"बघा," मलप्पा म्हणाले, "टेस्टरलाबी दर्शन घडलं."

संगप्पांनी घरापुढच्या दुकानातून शंभरचा बल्ब आणला. एक वायर जाळीला, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला. दोघा भाऊबंदांनी बल्बला हात जोडले. एकानं फोडायला नारळ मागितला. नारळाचं पाणी कुठं उडेल या विचारानं संगप्पांना घाम फुटला. इतक्यात मलप्पाच हात पुढं करून निघाले, आणि संगप्पांनी खटकन बटण बंद केलं.

वचन अर्ध्यात तुटलं.

"देव बंद केला तुम्ही?" मलप्पा हळूच म्हणाले.

"देवाला बटन नसतंय, पाव्हणं. ज्याला बटन हाय ते खांबावरनं आलंय."

उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. अंजू मात्र आतून कात्री घेऊन आली आणि भर बैठकीत तिनं अप्पांचा खिसा उसवला. डावा हात आपल्या घरी गेला. मग संगप्पांनी पिन काढली, डबा उघडला, आत साठलेला करंट आधी उतरवला आणि भिंतीकडून आलेली वायर मलप्पांना जाळीपर्यंत बोटानं दाखवली.

"तुमच्याकडं पाट कोरडा, म्हणून मुंग्या. पाट ओला असता तर माणूस गेला असता."

मलप्पांनी स्वतःच्या ओल्या पायांकडं पाहिलं, आणि घाईघाईनं उदगीरला फोन लावला. "आईला डब्याला हात लावू देऊ नका. आधी मेन बंद करा. न्हाई, देव न्हाई कोपला."

पलीकडून म्हातारीचा आवाज बैठकभर ऐकू आला. "कोण म्हणतंय असं?"

"अंजूचे वडील."

"मग माझ्या मुंग्या?"

संगप्पा फोनजवळ वाकले. "आजी, डबा माझ्याकडं धाडा. मधी ट्रान्सफॉर्मर बसवून देतो. वचनं ऱ्हातील, मुंग्या जातील."

"बरं," म्हातारी म्हणाली. "पण न्यायला माणूस धाडणार न्हाई मी. नातसून येताना घेऊन यील."

मलप्पांनी फोन ठेवला. चहा झाला, खिशातल्या हाताचा धडा सांगून झाला, तारखांची बोलणी झाली. निघताना ते उंबऱ्याशी वळले, डावा हात खिशात खोल घातला आणि उजवा तेवढा कपाळाला नेऊन म्हणाले, "शरणार्थ, व्याही."

उमाबाईंना वाटलं, पाहुणे रुसले.