आभाळातला प्रयोग

सावली गावाकडच्या त्या खेड्यात पत्रूला शेतकरी म्हणून कोण ओळखत होतं! धान तर सारेच लावत. पत्रू म्हणजे दंडारीतली, गावच्या नाचगाण्याच्या खेळातली राणी. मिशी काढून, लुगडं नेसून उभा राहिला, की त्याची बायको गुणाबाईसुद्धा म्हणे, "माह्यापरीस तुमीच चांगले दिसता, बाई!" पण सत्तावन सालच्या दिवाळीला त्याचा गळा बसला तो बसलाच. नाटक मंडळानं सांगून टाकलं, "पत्रूभाऊ, यंदा तुमी खाली बसून पाहा." खाली बसून! त्या दिवसापासून त्याला नव्या धानाचा भातही गोड लागेना.

अशात डोंगरे गुरुजींनी शाळेच्या ओट्यावर पेपर वाचला. रशियानं म्हणे एक कुत्री आभाळात सोडली; ती पृथ्वीभोवती फिरते आणि तिच्यावर प्रयोग चालू आहेत.

"कोन्ता प्रयोग हाये, गुरुजी?" पत्रू पुढं सरकला. "अन् राणी कोन झालं?"

सारे खो खो हसले. आता झाडीपट्टीतल्या माणसाला प्रयोग म्हटलं की पडदा अन् पेटीच आठवणार, त्यात त्याचं काय चुकलं? गुरुजींनी समजावलं, हा प्रयोग म्हणजे परीक्षा. वर जीव तगतो का, श्वास कसा चालतो, काळीज किती धडधडतं, ते बिनतारी यंत्रानं खाली कळतं.

"कुत्रीले गाणं हाये का?"

"कुत्री कशी गाईल रे?"

"मंग थे सोंग मले द्या!"

गुरुजींनी हसत हसत खेळ लिहून दिला. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी, दिवस बुडता बुडता, बैलगाडीवर माचा बांधून आभाळ केलं. गुरुजी शास्त्रज्ञ होऊन खालून नाडी विचारत, दोरीचं शेपूट लावलेला पत्रू वरून भुंकून जवाब देई. लोक हसून हसून बेजार. पण कुत्रीला उतरवायची सोय रशियानं केलीच नव्हती, म्हणून शेवटी ती वरच मरायची होती. पत्रू निपचित पडला. हसू थांबलं. बायांमधून गुणाबाईचा भरून आलेला आवाज आला, "उतरवा ना तिले कोनी!"

पत्रूला काही राहवलं नाही. त्यानं माच्यावरून धपकन उडी टाकली अन् चौपायी धावत थेट बायांमध्ये शिरला. शिट्ट्यांनी पटाचं मैदान दणाणलं.

"अरे पत्रू, ती मेली आहे!" गुरुजी ओरडले.

"थो रशियाचा प्रयोग, गुरुजी," पत्रू बसक्या गळ्यानं म्हणाला. "हा आपला हाये."

पुढच्या साली मंडळानं आधी पत्रूचं सोंग ठरवलं, मग नाटक.