शांतव्वाचा हकीक

कुणी काळा दगड पुढे केला की शांतव्वा आधी तो गालाला लावायची. काच असली तर गालाच्या उबेनं पटकन कोमट होते. हकीक म्हणजे अस्सल दगड, तो बराच वेळ गार राहतो. “ह्यो हकीक हाय,” किंवा “काच हाय, पण दिसती चांगली,” एवढंच ती सांगायची. काळ्या दगडानं दृष्ट टळते का, असं कुणी विचारलं, तर म्हणायची, “ते मला न्हाई ठाऊक. मला घासता येतंय.”

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोलापुरात शाळेत शिकवत होते आणि शांतव्वा शेजारच्या खोलीत राहायची. विधवा, एकटी, अक्कलकोटच्या पुढची. घरात कानडी, आमच्याशी मराठी. वडिलांकडून शिकलेलं दगड घासण्याचं चाक तिनं खिडकीशी मांडलं होतं. त्यावर अंगठ्यांचे खडे, माळेचे मणी तयार व्हायचे. दगड कोरडा घासला तर तापून तडकतो, म्हणून चाकावर पाण्याची धार लागे. दुष्काळात तेच पाणी निवळून तिनं पुन्हापुन्हा वापरलं होतं.

माझ्या आईच्या गळ्यात काळ्या हकिकाचं पदक असायचं, मधून पांढरी रेघ गेलेलं. आई गेल्यावर ते मी ठेवून घेतलं आणि मंगळवेढ्याला दिलेली माझी थोरली बहीण, कुसुमताई, माझ्याशी बोलेनाशी झाली. दोन वर्षं आमचं पत्रसुद्धा नव्हतं. एका सकाळी पदक धुताना हातातून निसटलं आणि न्हाणीच्या दगडावर आपटून दुभंगलं. मी तुकडे पदरात घेऊन रडतच शांतव्वाकडे गेले आणि ताईचंही सगळं सांगितलं.

तिनं चिमटीत धरून पाहिलं. चाकूचा ओरखडा उठत नाही इतका हा दगड कठीण, पण कडेवर घाव बसला की फुटतो, हे तिनं शांतपणे सांगितलं. चिकटवता येईल का, विचारलं तर नकारार्थी मान हलवली. “डाग ऱ्हाईल. मी दोन करते.”

चार दिवसांनी तिनं दोन लहान खडे माझ्या तळहातावर ठेवले. दोन्हींत रेघेचा अर्धा अर्धा भाग होता. कोमट पाण्यानं धुवायचे, मऊ सुती कापडानं पुसायचे, दुसऱ्या खड्यांत मिसळायचे नाहीत, असं तिनं बजावलं. मग म्हणाली, “एक तुमचा, बाई. दुसरा बहिणीला तुमीच न्यायचा. टपालानं धाडायचा न्हाई.”

दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं मंगळवेढ्याला गेले. ताईनं दार उघडलं. मी खडा पुढे केला. तिनं तो ओळखला, पदराला पुसला आणि मुठीत घट्ट धरला. मग म्हणाली, “जेवलीस का?” मी आठवडाभर राहिले. आईसाठी आम्ही दोघी पहिल्यांदाच मनसोक्त रडलो.

हे सगळं शांतव्वाला सांगायचं म्हणून मी परत येताच तिच्या दारी गेले. दाराला कुलूप होतं. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून भाचा येऊन तिला चाकासकट घेऊन गेला होता. कुठे, ते घरमालकाला सांगता येईना. अक्कलकोटच्या पुढे, एवढंच त्याला माहीत होतं. मलाही तेवढंच. तीन वर्षं शेजारी राहून तिच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.